कराराचा स्वेटर

मुंबईकराला स्वेटर लागत नाही. तरीही आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एक स्वेटर होता. तपकिरी, आईनं विणलेला, आणि माझ्या हिशेबानं २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातून थेट आमच्या कपाटात उतरलेला. विदर्भ आपल्यात यायचा, तर सरकारनं दरवर्षी काही काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथं भरवावं, असं त्या करारात ठरलं. सह्या करणाऱ्या थोरामोठ्यांनी बाकी सगळ्याचा विचार केला. मंत्रालयातल्या एका सहायकाला, म्हणजे माझ्या बाबांना, त्यापायी पाऊण किलो लोकर लागेल, हे मात्र कुठल्याच कलमात आलं नाही. ती उणीव आईनं भरून काढली. तिनं नागपूर पाहिलं नव्हतं. तिथली थंडी केवढ्या मापाची असते कोण जाणे, म्हणून तिनं स्वेटर चार बोटं सैलच ठेवला.

नोव्हेंबर सरत आला की हिवाळी अधिवेशनासाठी तिकडे मंत्रालयात नस्त्यांच्या पत्र्याच्या पेट्या भरत आणि इकडे स्वेटर डांबरगोळ्यांचा वास घेऊन बाहेर येई. मुलीला सासरी धाडताना होते तशी त्या पेट्यांची निगुतीनं पाठवणी व्हायची. बाबा एका नस्तीची गोष्ट सांगत. विदर्भातल्या कुठल्याशा पाझर तलावाची ती नस्ती नागपूरहून मुंबईला आलेली. तारांकित प्रश्न लागला म्हणून ती पेटीत बसून पुन्हा नागपूरला गेली. प्रश्नाची पाळी येण्याआधीच सभागृह तहकूब झालं, आणि ती बांधल्या फितीनिशी मुंबईला परतली. तलाव नागपूरहून दीड तासावर होता. “एवढ्या लांब गेली, पण बिचारीला कुणी गाव दाखवलं नाही,” असं बाबा म्हणत, जणू ती नात्यातली कुणी असावी.

राजधानी हलवण्याचा विषय निघाला की लोकांना तुघलक आठवतो. १३२७ च्या सुमारास त्यानं दिल्लीकरांना देवगिरीला आणलं, गावाचं नाव दौलताबाद केलं, आणि काही वर्षांनी सगळं पुन्हा दिल्लीला नेलं. नागपुरात उपमुख्यमंत्र्यांच्या बंगल्याचं नावही देवगिरीच आहे. ते ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. पण आपलं सरकार तुघलकापेक्षा शहाणं खरं, परतीचं आरक्षण आधीच करून निघतं.

बाबांचे एक वरिष्ठ मूळचे नागपूरचे. नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, ते पद १ नोव्हेंबर १९५६ ला गेलं, आणि राजधानीतल्या कारकुनांपैकी हे मुंबईच्या वाट्याला आले. येताना त्यांनीही स्वेटर आणला होता. मुंबईत तो अकरा महिने खुंटीवर लोंबकळे, बदलीच्या गावी ओळखीचं कुणी न भेटलेल्या माणसासारखा. डिसेंबरात विदर्भ एक्स्प्रेस पहाटे बडनेऱ्याला थांबली की ते उठून तो अंगात घालत, खिडकी वर करत आणि गार वाऱ्यात तोंड घालून म्हणत, “आलं बाप्पा आपलं गाव!” डबा कुडकुडायचा, पण साहेबांना खिडकी लावा म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाकीचे सगळे नागपूरला कामावर जात होते. तो एक माणूस कामाच्या निमित्तानं घरी जात होता.

बाबा निवृत्त झाले. पहिल्या डिसेंबरात बातम्यांत सिव्हिल लाइन्समधलं विधानभवन दिसलं, मागे मोर्चे, पुढे पोलीस. बाबा एकदम पुढे सरकून बसले. “तो कोपरा दिसतोय ना, त्याच्या मागे आमचे १६० खोल्यांचे गाळे,” म्हणाले, आणि जरा वेळानं आत जाऊन स्वेटर घालून आले. आईनं धरलेला अंदाज इतक्या वर्षांनी चुकायचा तेवढा चुकला होता; चार बोटांचा सैलपणा आता वीतभर झाला होता. डोक्यावर पंखा गरगरत होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

आई काही बोलली नाही. उठली, आणि पंखा बंद करून आली.