चढून पाहू का?

आमच्या घरात स्टुलावर कुणी आरामात बसलंय असं मी कधी पाहिलं नाही. बसायला खुर्ची होती, पाट होता, झोपाळा होता, काहीच नसलं तर उंबरा होता. स्टूल होतं ते चढायला. दिवाळीआधी माळ्यावरची पितळी भांडी उतरवणं, बल्ब बदलणं, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणं, गणपतीच्या मखराला पताका लावणं, ही सगळी कामं त्याच्या टाळूवर पाय देऊनच व्हायची. न्हावी घरी आला की मुलांना त्यावर बसवत, पण तेव्हा मुलांना धरायलाच दोन माणसं लागत. मान होता तो फक्त सरकारी कचेरीत. साहेबांच्या खुर्चीला पांढरा टर्किश टॉवेल असला, तरी त्या खुर्चीपर्यंत कुणी पोचायचं हे दाराबाहेर स्टुलावर बसलेला शिपाई ठरवायचा.

आता याच स्टुलाला व्हिंटेज म्हणतात. हॉलचा खिडकीजवळचा कोपरा ‘रिकामा बोलतोय’ असं बायकोला जाणवलं आणि आम्ही जुनं स्टूल शोधत मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर दाखल झालो. त्या स्टुलावर कुणी बसणार नव्हतं. त्यावर मनीप्लांट बसणार होता.

मटन स्ट्रीटवर काल जन्मलेली वस्तू नसतेच. सगळं ‘ब्रिटिश टाइम का’. 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरायला बहुतेक चीजांना शंभर वर्षं काढावी लागतात; इथे पंधरवडा पुरतो. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी, कडक चहाचा हात आणि सायकलच्या साखळीचे चार फटके मिळाले की कोवळं लाकूड एकदम आजोबा होतं.

म्हणून माझा नियम असा, की स्टुलाशी ओळख करायची तर ते आधी उलटं करावं. वरून कुणीही पॉलिश मारतं, खालून कुणी मारत नाही. खालचं जुनं लाकूड सगळीकडून सारखं काळवंडलेलं असतं. तिथे गोरीपान कापणी दिसली की समजावं. मग स्क्रू बघावेत. अधिकचं चिन्ह असलेला फिलिप्स स्क्रू अमेरिकेतून बाजारात आला तो 1930 च्या दशकात. ‘1890 का पीस’ म्हणून दाखवलेल्या स्टुलाला असे आठ स्क्रू निघाले, तेव्हा दुकानदार चाचा शांतपणे म्हणाले, “बीच में किसी ने बदले होंगे.”

“सगळे?”

“खानदानी लोग थे.”

गोल बैठकीचं स्टूल असेल तर टेप लावावी. लाकूड आटतं ते रेषांना आडवं, रेषांच्या दिशेनं जवळजवळ नाहीच; त्यामुळे खरोखर म्हातारं झालेलं वर्तुळ किंचित लांबट होतं. अगदी काटेकोर गोल निघालं तर ते वयाबद्दल खोटं बोलत असण्याचा संभव फार. (मी टेप काढली तेव्हा बायको शेजारच्या दुकानातला ग्रामोफोन पाहायला गेली. ती नेहमी अशीच वेळ साधते.) सगळ्यांत बोलकी असते पाय टेकायची आडवी पट्टी. माणूस एकाच बाजूनं बसतो, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापरानं एखादीच पट्टी मधोमध खपाटीला जाते. एका स्टुलाच्या चारही पट्ट्या अगदी सारख्या झिजलेल्या होत्या. म्हणजे मूळ मालक त्यावर बसून स्वतःभोवती प्रदक्षिणा घालत असणार.

भुंगेऱ्याची भोकं पाहून घाबरू नये. खाली वर्तमानपत्र पसरून स्टूल ठोकावं. काही पडलं नाही तर भोकं इतिहासजमा. पिठासारखी ताजी पूड पडली तर भाडेकरू अजून आतच आहेत, आणि मुंबईत भाडेकरू निघत नाहीत.

उंचीचा प्रश्न वेगळाच. जेवायच्या टेबलाला पंचेचाळीस सेंटिमीटरचं स्टूल लागतं. पेढीवरच्या कारकुनाचं पाऊण मीटर उंचीचं ऐटदार स्टूल आपण घरी आणलं, तर टेबल आणि बैठक एकाच पातळीवर येतात आणि आमटी मांडीवर घेऊन जेवावं लागतं. त्यापेक्षा तिवई बरी, असं आमचा इंटिरिअरवाला भाचा म्हणतो. फिनलंडच्या अल्वार आल्टोनं 1933 मध्ये बर्चच्या वाकवलेल्या तीन पायांवर स्टूल उभं केलं, ते जगभर गाजलं. एकावर एक रचलं की त्याचा मिनारही होतो. तीन पाय कसल्याही फरशीवर डगमगत नाहीत हे खरं, आमच्या शहाबादीवरसुद्धा, जिथे चार पायांच्या प्रत्येक वस्तूखाली बसचं तिकीट दुमडून ठेवलेलं असे. पण तिवईच्या कडेवर पाय देऊन माळ्याकडे हात केला, की माणूस माळ्याऐवजी अस्थितज्ज्ञाकडे पोचतो. भाचा तिवईवर फक्त बसतो, म्हणून त्याला हे ठाऊक नाही.

शेवटी एक सागवानी स्टूल सगळ्या परीक्षांत उतरलं. मी चपला काढल्या.

“चढून पाहू का?”

चाचा पहिल्यांदाच हलले. “साहब, अँटिक है. गिर गया तो?”

“कोण, मी की स्टूल?”

त्यांनी आम्हा दोघांना नीट न्याहाळलं. “दोनों पुराने हैं.”

आणखी एक माल वरच्या फळीवर आहे म्हणून त्यांनी गल्ल्यामागून एक स्टूल पायानंच ओढलं आणि सरसर वर चढले. त्यावर निळ्या डिस्टेंपरचे शिंतोडे, एकच पट्टी खपाटीला गेलेली, स्क्रू सपाट खाचेचे. मी वाकून खालून पाहिलं. एकसारखं काळवंडलेलं.

“ये कितने का?”

“ये बेचने का नहीं, साहब. ये काम का है.”

एवढ्यात बायको ग्रामोफोन सोडून आली. असंच डाग पडलेलं आमचं स्टूल तिनं रंगकाम संपल्यावर भंगारवाल्याला फुकट देऊन टाकलं होतं. “अय्या, हे निळे शिंतोडे किती ओरिजिनल आहेत!” ती म्हणाली आणि चाचा वरून खाली उतरायच्या आतच तिनं दोनशे रुपयांपासून सुरुवात केली.