वाघ वाचवा, वही पूर्ण करा

५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो आणि त्या दिवशी विदर्भातल्या शाळा बंद असतात. कारण ऊन. म्हणजे पर्यावरण दिन साजरा होत नाही, तो पर्यावरणामुळेच. यवतमाळच्या पोरांसाठी याहून सोपा धडा बालभारतीलाही लिहिता येणार नाही. पण तो शिकवायला शाळा उघडी हवी ना!

शाळा उघडते जूनच्या अखेरीस. पाठोपाठ १ जुलै, कृषी दिन. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांची जयंती, तेव्हा आमच्या जिल्ह्यात वृक्षारोपण झालंच पाहिजे. रोप एक, त्याला धरणारे हात बारा, फोटो चाळीस. २०१८च्या पावसाळ्यात राज्याने १३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराची तहान भागवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय तळाला गेले होते. झाडं कोटींत मोजली, पाणी हंड्यांत.

पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात १९९१ सालीच बजावलं. आपण आज्ञाधारक, सक्ती केली आणि विषय श्रेणीत टाकला. नववी-दहावीला 'जलसुरक्षा', पुढे अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा', ५० गुण, प्रकल्प आणि नोंदवही. गणितात पोरगं नापास होऊ शकतं, पर्यावरणात होत नाही. मुलगा राहतो पैनगंगेकाठी आणि प्रकल्प करतो गंगेच्या प्रदूषणावर, कारण गंगेची माहिती तयार मिळते. पैनगंगेसाठी नदीवर जावं लागेल. वणीच्या पोरीच्या घरात कोळशाची धूळ रोज झाडावी लागते, पण तिच्या वहीत दिल्लीचं धुकं असतं. छान रंगीत, चिकटवलेलं.

मग येते 'वाघ वाचवा' चित्रकला स्पर्धा. पुण्यातल्या पोराने वाघ काढला तर समजू शकतो, त्याने तो तेवढाच पाहिलेला असतो. इथे टिपेश्वर अभयारण्य हाकेच्या अंतरावर. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या १३ मृत्यूंचा ठपका टी-१ वाघिणीवर होता. तिला भुलवायला वनखात्याने परदेशी अत्तर शिंपडून पाहिलं. शेवटी २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती गोळीने गेली. त्या गावांत वाघ कागदावर काढायचा की शिवारातून, असा प्रश्न होता. जंगलाचे तुकडे कशाने झाले, गुरं कुठे चारायची, दिवस मावळताना शेतातून कोणी कसं परतायचं, याचं उत्तर मागणारा प्रश्न मात्र पेपरात येत नाही. तिथे 'वाघाचे महत्त्व पाच ओळींत लिहा' एवढंच असतं.

पाठांतराचं म्हणाल तर पोरं तरबेज आहेत. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. ज्या गावात घंटागाडी कधी फिरकली नाही, तिथलं पोरगंही हे झोपेत म्हणतं. पण त्याच्या घरच्या कोपऱ्यात आणखी एक डबा असतो, कपाशीवरच्या फवारणीचा. त्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आणि हिरवा म्हणजेही विषच, फक्त कमी. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. वापराची माहिती सोबतच्या बारीक अक्षरांतल्या कागदावर होती. घरात तो कागद वाचू शकणारं माणूस बहुतेक वेळा एकच, नववीतलं पोरगं. ते तेव्हा ओझोनच्या थराला पडलेलं भोक रंगवत होतं.

मुख्याध्यापकहो, यंदा एवढं करा. विकतचे प्रकल्प परत पाठवा. गावच्या विहिरीची पातळी पोरांना दर महिन्याला दोर सोडून मोजू द्या आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहू द्या. सरपंचाला राग आला तर समजा, विषय नीट शिकवला गेला. आणि ज्या पोराने फवारणीआधी बापाला लाल त्रिकोण दाखवून तोंडाला फडकं बांधायला लावलं, वारा येतो त्या दिशेला पाठ करायला लावलं, त्याला 'अ' श्रेणी द्या. वही कोरी असली तरी.