एकोणपन्नास पैसे

साहित्य संमेलनाला गेलेल्या माणसाला आप्पा भेटले नाहीत, असं होत नाही. तिसरी रांग, पंख्याखालची कडेची खुर्ची. पायाशी कापडी पिशवी, मांडीवर लांबट रजिस्टर, खिशाला दोन पेनं, एक निळं नि एक लाल. वक्ता 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणेपर्यंत आप्पांनी मान वळवून अख्खा मांडव नजरेखालून घातलेला असतो. मग ते शेजाऱ्याकडे झुकतात आणि चार रांगांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजतात, "नजरअंदाज बेचाळीस पैसे."

शेजारी नवखा असला तर खिसे चाचपतो.

आप्पा अंबड तालुक्यातले निवृत्त तलाठी. शासनानं अलीकडे या पदाला 'ग्राम महसूल अधिकारी' असं भारदस्त नाव दिलं. आप्पांच्या मते पाटी लांबली, सज्जा, म्हणजे हाताखालची गावं, तेवढाच राहिला. त्यांची उभी हयात पैसेवारी काढण्यात गेली. ज्यांच्या गावात पीक फक्त मंडईत दिसतं त्यांच्यासाठी सांगायचं तर, गावात नेहमी येणाऱ्या उताऱ्याच्या तुलनेत यंदा किती आलं, ते रुपयातल्या पैशांत मांडायचं म्हणजे पैसेवारी. जुने लोक अजून आणेवारीच म्हणतात. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. अंतिमसाठी शेतात दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखून पीक कापायचं आणि वजन करायचं. आकडा पन्नासच्या आत आला की गाव टंचाईचं. २०१६च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेपासून उपग्रह, मातीतला ओलावा असे निकष आले. आप्पा उपग्रहाला मानत नाहीत. "त्याला बांधावर उभं करा, मग बोलू," म्हणतात.

निवृत्तीनंतर शेतं गेली आणि हाताशी संमेलनं आली. सवय मात्र तीच राहिली.

अंबडला एखादा एकदिवसीय साहित्य मेळावा असला की आप्पा कार्यकर्त्यांच्याही आधी हजर. अशाच एका मेळाव्यात ग्रंथदिंडीची वेळ नऊची. पालखी सजलेली, तीत ज्ञानेश्वरी आणि संविधान शेजारी शेजारी, लेझीमवाल्या पोरी नऊवारीत उन्हात उभ्या. प्रमुख पाहुण्यांची गाडी जालन्याहून निघालेली, म्हणजे 'निघालेली आहे' असं फोनवर सांगण्यात आलेलं. दिंडी हलली साडेदहाला. आप्पांनी निळ्या पेनानं लिहिलं, 'पेरणी दीड तास उशिरा.' पुढे दीपप्रज्वलन झालं आणि सत्कार सुरू झाले. सत्तावीस शाली, सत्तावीस नारळ, शिवाय ज्यांचं नाव राहून गेलं त्यांची क्षमा. आप्पा पुटपुटले, "तण फार माजलं."

कादंबरीकाराची मुलाखत त्यातल्या त्यात बरी चालली असती. पण मुलाखतकाराचा पहिला प्रश्न अकरा मिनिटांचा आणि कादंबरीकाराचं उत्तर चार मिनिटांचं. त्यावर मुलाखतकारानं दुसरा प्रश्न काढला, "हेच जरा वेगळ्या पद्धतीनं विचारतो." आप्पांनी नोंद केली, 'बांध कोरून अतिक्रमण. मोजणी आवश्यक.'

परिसंवादाचा विषय ग्रामीण साहित्यापुढील आव्हानं. हा विषय मराठवाड्यात दरवर्षी पेरला जातो आणि दरवर्षी तोच उगवतो. चार वक्त्यांपैकी दोन आलेले. आप्पा उठले, मांडवाच्या मध्यावर गेले आणि दहा रांगा बाय दहा खुर्च्यांचा प्लॉट मनात आखला. शंभर खुर्च्यांत माणसं अडतीस. त्यातली नऊ मोबाइलवर. सहाजणांच्या माना छातीवर; आप्पांच्या दप्तरात याला 'पाण्याचा ताण' म्हणतात. उरलं उभं पीक तेवीस. तेवढ्यात एका कार्यकर्त्यानं व्यासपीठाजवळ बसकण मारून, भरलेल्या पहिल्या दोनच रांगा दिसतील असा फोटो काढला आणि 'तुडुंब प्रतिसाद' म्हणून ग्रुपवर टाकला. आप्पा खुशीत हसले. "ई-पीक पाहणी!" २०२१पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करतात, त्या सोयीचा हा साहित्यिक उपयोग आप्पांना मनापासून आवडलेला दिसला.

एक वाजता जेवणाच्या मंडपात पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. तिथं प्लॉट आखायची गरज पडली नाही. "सोळा आणे," आप्पा म्हणाले आणि ताट घेऊन स्वतःही पिकात उभे राहिले.

या माणसाचा वैताग येतो. शेजारी बसून कवितेचा आस्वाद घ्यावा तर कानाशी पैसे वाजत असतात. शिवाय ते इतिहासही सोडत नाहीत. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची पहिली सभा भरली, पुढे १८८५च्या सभेचं आमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं आणि त्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला, हे सगळं आप्पांना तोंडपाठ. त्यांच्या हिशेबी मराठी साहित्याची पहिली पैसेवारी म्हणजे ते पत्र, आणि तीही बांधावर न जाता नेमकी लागलेली. डिसेंबर २०२१च्या नाशिकच्या संमेलनाला अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, तेव्हा आप्पांनी रकान्यात 'पीक उभे नाही, पंचनामा तहकूब' असं लिहिलं. जानेवारी २०२०ला उस्मानाबादेत फ्रान्सिस दिब्रिटो पाठीचं दुखणं घेऊन अध्यक्ष म्हणून आले, त्या दिवशी मात्र रजिस्टर पिशवीतून निघालंच नाही. आणि डिसेंबर २०२२मध्ये शेजारच्या घनसावंगीला मराठवाडा साहित्य परिषदेचं बेचाळिसावं संमेलन झालं, शेतकरी संघटनेत काम केलेले शेषराव मोहिते अध्यक्ष होते, तेव्हाही नाही. "शेतीतल्या माणसाची पैसेवारी आपण काढावी? उलटी रीत झाली."

अंबडचा कान तसा तयार आहे. दत्तजयंतीच्या संगीत उत्सवाला इथली माणसं रात्र रात्र मांडी मोडत नाहीत. मत्स्योदरी देवीच्या डोंगरापर्यंत तान पोचली तरी 'अजून एक' म्हणतात. हीच माणसं परिसंवादात पाण्याचा ताण का घेतात, यावर कुणी परिसंवाद ठेवला तर आप्पा त्याचेही पैसे लावतील.

त्या मेळाव्यात दुपारी तीनला मांडवाशेजारच्या वर्गात कवितालेखनाची कार्यशाळा होती. सतरा पोरं, बहुतेक कॉलेजातली, वह्या आणि एकमेकांना ढोसणं. आप्पा शेवटच्या बाकावर. गोदाकाठच्या एका गावची मुलगी उठली. घरची मोसंबीची बाग पाण्याअभावी तोडावी लागली, त्यावरच्या तिच्या आठ ओळी. वाचताना आवाज दोनदा अडकला. वर्ग गप्प झाला. कार्यशाळा घेणारे कवी काही बोलणार, इतक्यात मागून आवाज आला, "एकोणपन्नास."

मुलीचा चेहरा पडला. कवींनी आप्पांकडे असं पाहिलं की दुसरा माणूस वर्गाबाहेर गेला असता. आप्पा बसून राहिले. नंतर आणखी दोघांना त्यांनी अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास दिले आणि समाधानानं टोपण लावलं.

चहाच्या सुट्टीत आप्पा रांगेत गेले आणि रजिस्टर खुर्चीवर राहिलं. शेजाऱ्यानं, जे कुणीही केलं असतं ते केलं. आत निळ्या शाईत दिवसभर बोललेले आकडे होते. शेजारी लाल शाईत अंतिम पैसेवारी. उद्घाटनाचं भाषण, निळ्यात एकतीस, लालमध्ये एकसष्ट. मुलाखत, अडतीस आणि त्रेपन्न. तेवीस पैशांचा तो परिसंवाद चोपन्नवर पोचलेला. सगळी मोठी माणसं पन्नासच्या वर. खाली होती ती फक्त कार्यशाळेतली तीन पोरं.

आप्पा चहा घेऊन परतले, चोरी पकडली, आणि रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पन्नासच्या वर गेलं की सुटले ते. त्यांना काही द्यावं लागत नाही."

मग लक्षात येतं. पन्नासच्या आतल्या गावाला सवलती मिळायच्या. जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात साडेतेहतीस टक्के, गरज पडेल तिथं टँकर, आणि पोरांची परीक्षा फी माफ. एकोणपन्नास हा गावाला हवा असलेला आकडा. तो मिळावा म्हणून माणसं तलाठ्याच्या दारात बसायची.

एका वर्षी (कोणत्या, ते आप्पा सांगत नाहीत) त्यांच्या सज्जातल्या एका गावाची पैसेवारी शेहेचाळीस निघाली होती. बांधावर उभं राहून, प्लॉट कापून काढलेला आकडा. अंतिम यादी आली तेव्हा तिथं चोपन्न होते. कसे झाले, कुणी केले, याची नोंद कुठल्या नमुन्यात नसते. खाली सही आप्पांची होती. त्या वर्षी गावातल्या दहावीच्या अकरा पोरांनी पूर्ण फी भरली. खरं तर नऊ पोरांनी. आप्पा दोघांची नावं घेतात आणि चहा संपवतात.

संध्याकाळी कविसंमेलन सुरू झालं तेव्हा नजरअंदाज सत्तर होती, कारण कवीच ऐंशी होते. आप्पा मात्र मांडवात नव्हते. पुस्तकांच्या स्टॉलवर घासाघीस करून त्यांनी पिशवी भरली होती आणि शहागडच्या गाडीची वाट बघणाऱ्या त्या मुलीला स्टँडवर गाठलं होतं. पळसखेडच्या शेतातून लिहिणाऱ्या ना. धों. महानोरांचं 'रानातल्या कविता' तिच्या हातात ठेवून त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "सही कर. फुकट नाही. तगाई आहे, फेडायची."

तिनं सही केली. लाल शाईत नोंद आहे: 'पैसेवारी ४९. तगाई, पुस्तक १ प्रत. वसुली पुढील हंगामात.'

रजिस्टरची मागची पानं चाळली तर अशा नोंदी बऱ्याच आहेत. वसुलीचा रकाना पहिल्या पानापासून कोरा आहे.