मुक्कामी गाडी

आप्पांच्या घरात पाऊल टाकलं की ते 'ये, बैस' म्हणत नाहीत. "पुढं सरका, पुढं सरका! पुढं मोकळीच हाय गाडी," म्हणतात. पुढं मोकळीच असते, कारण त्या वेळी गाडीत आप्पा, काकी आणि एक मांजर एवढेच उतारू असतात, आणि मांजराला उभ्यानं जायची सवय आहे.

गाडी म्हणजे गाडीच. खटाव तालुक्यात, रस्त्याला लागून असलेल्या आप्पांच्या बावीस गुंठ्यांत, बांधापासून दहा पावलांवर एक लाल एसटी उभी आहे. चाकं आहेत, स्टिअरिंग आहे, इंजिन नाही. बाजूला महामंडळाचं चिन्ह होतं ते आप्पांनी स्वतःच्या हातानं खरवडून काढलं. "आता ती खासगी झाली, चिन्ह ठेवणं नियमात बसत न्हाई," म्हणाले. पण उतरतं ऊन त्या पत्र्यावर आलं की खरवडलेल्या जागी चिन्हाचा गोल पुन्हा उमटतो, आणि तेवढा वेळ आप्पा मुद्दाम त्या बाजूला खुर्ची टाकून बसतात. पुढच्या काचेत पाटी लावायची जी जागा असते तिथं त्यांनी आमच्याच गावाचं नाव लिहून लावलंय. म्हणजे गाडी जिथं उभी आहे तिथंच ती निघालेली आहे.

आप्पा हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून ३१ मे २०१६ ला ते निवृत्त झाले. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि आप्पांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आहे १ जून १९५८. "आमची दोघांची रास एक," असं ते सांगतात, आणि दर १ जूनला गाडीच्या तोंडाला झेंडूची माळ घालून नारळ फोडतात. आमच्या भागात त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनलाच येतो. पोराला शाळेत घालायला आणलं आणि आईबापांना तारीख सांगता आली नाही, की हेडमास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. हे मी एकदा आप्पांना ऐकवून पाहिलं.

"बाकीच्यांची मास्तरनं टाकल्याली. माजी खरी हाय."

चुलीपुढून काकी म्हणाल्या, "आत्याबाई सांगायच्या, ह्यांच्या टायमाला ज्वारीची मळणी चालू हुती."

आता जूनमध्ये ज्वारीची मळणी कुठल्या मुलखात होते ते आप्पांनाच विचारा.

माझा आपला एक अंदाज आहे. ड्रायव्हर निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हातातलं स्टिअरिंग सुटतं आणि विषय संपतो. कंडक्टरच्या हातात असतात माणसं. ती कशी सुटणार? लग्नाच्या पंगतीत आप्पा पानं मोजत फिरतात. मयताला गेले तरी "मधी गर्दी करू नका, मागं जागा हाय," हे त्यांच्या तोंडून जातंच. निवृत्तीच्या दिवशी तिकिटाचं मशीन, उरलेला कागद, बॅज सगळं जमा केलं; पण मशीन यायच्या आधीच्या काळातला, कागदी तिकिटाला टिचकन भोक पाडणारा पंच त्यांनी जुन्या बाजारातून नंतर पैदा केला. नातवंडांच्या प्रगतिपुस्तकाला ते भोक पाडून देतात. पालकांची सही वेगळी, हे वेगळं.

गाडी कशी आली ते मात्र सविस्तर सांगायला पाहिजे.

भावांच्या वाटणीत गावातलं घर धाकट्याकडं गेलं आणि आप्पांच्या वाट्याला ही रस्त्याकडची जमीन आली. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडल्या दिवसापासून काकींनी डोक्यात स्लॅबचं घर बांधायला घेतलं होतं. दोन खोल्या, संडास-बाथरूम, पुढं ओटा, मागं तुळस. एके दिवशी आप्पा गवंड्याला भेटून येतो म्हणून साताऱ्याच्या बाजूला गेले ते संध्याकाळी भंगारवाल्याला इसार देऊन परत आले. एसटीच्या वय झालेल्या गाड्यांचा लिलाव होतो. असा एक सांगाडा इंजिन-गिअरबॉक्स काढून झाल्यावर कापायला पडला होता. आप्पांनी म्हणे तो लांबूनच ओळखला.

"दापोडीच्या वर्कशॉपात बांधल्याली गाडी. हिच्यावर चार वरसं डूटी केली मी."

"कशावरून?"

"आत चढून बगितलं. तिसऱ्या खिडकीखाली पत्र्यावर बदाम कोरलाय, त्यात बाण."

महाराष्ट्रात तिसऱ्या खिडकीखाली बदाम आणि बाण नसलेली एसटी मी तरी पाहिलेली नाही. पण ज्या माणसानं स्वतःची जन्मतारीख पटवून घेतली त्याला गाडी पटवून घ्यायला किती वेळ? किमतीचे दोन आकडे आहेत. एक काकींना सांगितलेला, दुसरा भंगारवाल्याला दिलेला.

गाडी गावात आली ती क्रेनवाल्यानं फाट्यावर सोडल्यावर, दोन ट्रॅक्टर पुढं आणि वीस-पंचवीस माणसं मागं अशी. मारुतीच्या देवळाच्या वळणावर अडकली. छत्तीस फूट लांबीचं धूड, त्यात त्या वळणावर उसाची दुसरी ट्रॉलीसुद्धा कधी एका दमात निघत नाही. दीड तास अख्खं गाव "येऊ द्या, येऊ द्या... बास, बास!" करत होतं. येऊ द्या म्हणणारे एका बाजूचे, बास म्हणणारे दुसऱ्या. शाळेची पोरं आत चढून बसली. आणि या सगळ्या गोंधळात कोणीतरी, केवळ हाताच्या सवयीनं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. तो रुमाल आप्पांनी अजून जपून ठेवलाय. निळी चौकट आहे त्याला. मालक पुढं आला नाही, लाजला असणार.

पूर्वी आमच्या गावात मुक्कामी गाडी यायची. रात्री साडेआठला यायची, पारापाशी थांबायची, उन्हाळ्यात ड्रायव्हर-कंडक्टर टपावर अंथरूण टाकायचे आणि पहाटे गावातल्या निम्म्या लोकांना हॉर्ननं उठवून निघायची. पुढं घरोघरी मोटारसायकली झाल्या आणि ती बंद पडली. त्या दिवशी वळणावर एक म्हातारी काठी टेकत आली, गाडीकडं बघून म्हणाली, "मुक्कामी गाडी चालू झाली म्हना की!" तेच नाव पडलं. पत्रावर पत्ता म्हणून 'मुक्कामी गाडीजवळ' लिहिलं तरी पोस्टमन बरोबर येतो. 'जवळ' कशाला लिहितात, 'गाडीत' लिहा, अशी आप्पांची तक्रार आहे.

काकी आठ दिवस दिराच्या घरी राहिल्या, बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी वळीव झाला तेव्हा धाकट्याचं कौलारू घर तीन ठिकाणी गळलं आणि गाडी एकाच ठिकाणी. मग गाठोडं घेऊन आल्या.

आत बघण्यासारखं आहे. बहुतेक बाकडी काढलीत. पुढची चार ठेवलीत, त्यांतली दोन समोरासमोर फिरवून बैठक केलीय. मधे लाकडी पाट्या टाकून त्यांचाच रात्री पलंग. वरच्या फळीवर वाकळा, पापडाचा डबा, लोणच्याच्या बरण्या. फळीला पुढची पट्टी आहे म्हणून बरण्या पडत नाहीत असं आप्पा सांगतात. उभ्या घरात बरण्या पडतात कशाला, असं काकी विचारतात. बाकड्याखाली कांदे. मागं गॅस, आणि संकटकालीन मार्ग उघडा ठेवला की फोडणीचा धूर तिथून जातो. ड्रायव्हरच्या पुढं काचेखाली जी फळी असते तिथं देव मांडलेत. ही एकच गोष्ट काकींना पहिल्यापासून पसंत, कारण तिथं देव असायचेच. स्टिअरिंगला हळदकुंकू लागतं. आप्पा त्या सीटवर कधी बसत नाहीत. "ती आपली जागा न्हवं." बत्तीस वर्षं ज्या ड्रायव्हरांशी भांडले त्यांची जागा त्यांनी अजून राखून ठेवलीय.

खिडक्यांच्या काचा वाऱ्यानं खुळखुळतात. प्रत्येकीच्या फटीत घडी घातलेला कागद खोचलाय, आणि कुठल्या खिडकीला किती घड्या लागतात ते आप्पांना पाठ आहे. चाकांना दगड लावलेत, पण खालचे पाटे तसेच आहेत, त्यामुळं कोणी कूस बदलली की गाडी डुलते. मी पहिल्यांदा राहिलो तेव्हा मध्यरात्री दचकून उठलो. आमच्या जिल्ह्यात १९६७ पासून जमीन हलली की आधी कोयना आठवते. काकी उठून पाणी प्यायला गेल्या होत्या, इतकंच. आप्पा झोपेतच म्हणाले, "सावकाश उतरा."

उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की दुपारी आत भाकरी थापून नुसती भिंतीला लावली तरी चालेल. म्हणून टपावर कडब्याच्या पेंढ्या रचल्यात. लांबून वाटतं, लगेज चढवून झालंय, आता सुटणार.

काकींचे भाऊ मुंबईत माथाडी कामगार. आयुष्य दहा बाय बाराच्या खोलीत, माणसं आठ. ते आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले, मनातल्या मनात आठ गुणिले छत्तीस केलं आणि म्हणाले, "आक्का, एवढी जागा! आन् दोन्हीकडनं वारा!" सख्ख्या भावानं असा दगा दिल्यावर काकींनी त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

नियम आहेत. आप्पांनी छताखालून घंटीची दोरी पुन्हा ओढून घेतलीय. रात्री नऊला एक टोला: दिवे बंद. पहाटे दोन टोले: उठा. जेवताना खिडकीतून हात धुवायचा नाही, कारण हात बाहेर काढायचा नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ते आप्पांनीच पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकींनी गाडीच्या मधल्या दांडीपर्यंत झाडलं आणि केरसुणी त्यांच्या हातात दिली. "मला अर्धं. उरल्यालं फुल तिकिटवाल्यानं."

घरपट्टीच्या वेळी मोठी पंचाईत झाली. ग्रामसेवक वही घेऊन आले. वहीत रकाने : माती, दगड-विटा, आरसीसी. हे कशात घालायचं? आप्पा म्हणाले, ही गाडी आहे, घर नव्हे. ग्रामसेवक म्हणाले, मग गाडीचे कागद दाखवा. कागद तर लिलावाच्या आधीच रद्द झालेले. तेव्हा आप्पा म्हणाले, घर आहे. मग घरपट्टी भरा. "कशी भरू? घर असंल तर पाया दाखवा." दोघंही वाकून चाकांखाली बघत बराच वेळ बसले होते. शेवटी पत्र्याची शेड म्हणून नोंद झाली, आणि आप्पा आठवडाभर जेवले नाहीत नीट. पैशाचं दुःख नव्हतं. शेड म्हणाले, ते लागलं.

आप्पांचा पिंपरीचा मुलगा आधी चिडला होता, लोक काय म्हणतील म्हणून. मग त्याला मोबाइलवर सापडलं की अमेरिकेत शाळांच्या जुन्या पिवळ्या बसची घरं करून राहतात आणि त्यांना 'स्कूली' म्हणतात. लाकडी फरशी, भिंतीला पुस्तकं, टपावर सौरऊर्जा. त्यानं ते आप्पांना दाखवलं. आप्पांनी चष्मा लावून पूर्ण पाहिलं.

"त्येंच्या गाडीत कंडक्टर आसतोय का?"

"शाळेच्या बसला? नसतो."

"मग रिकामीच हुती की ती आदीपास्नं."

काकींचा ओटा काही सुटला नाही. स्लॅब नको तर नको, पुढं चार माणसं टेकतील एवढी सावली तरी करा, असा सात वर्षं धोशा. गेल्या वर्षी आप्पांनी गवंडी आणला, खरोखर गवंडीच आणला. काकींनी विटा मोजून घेतल्या. पंधरा दिवसांनी उभं राहिलं ते तीन भिंतींचं, पुढं उघडं, आत सिमेंटचा लांब बाक असलेलं प्रवासी निवारा शेड. रस्त्याकडं तोंड करून. काकींनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी चूल तिथं हलवली. आता आप्पा गाडीत राहतात आणि काकी स्टॉपवर. जेवण झालं की काकी हाक मारतात, आप्पा उतरून येतात. येताना दाराची मूठ धरून, डावा पाय आधी.

त्या शेडमुळं एक झालं, परगावची माणसं खरंच येऊन बसायला लागली. मागच्या श्रावणात रात्री धो धो पाऊस होता तेव्हा एक माणूस छत्री मिटत थेट गाडीतच चढला, बाकावर बसला आणि अर्ध्या तासानं म्हणाला, "दहिवडीला किती वाजता?" आप्पांनी त्याला चहा दिला, वाकळ दिली. "सकाळी," म्हणाले. खोटं बोलले असं नाही म्हणता येणार. सकाळी धाकट्याच्या मोटारसायकलवर बसवून त्याला दहिवडीला पोचवलाच.

परवा जत्रेला गेलो तेव्हा जाताना वडूजहून त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन गेलो. १८७ रुपये झाले होते. आप्पांनी खांद्याला अडकवलेली जुनी चामडी पिशवी पुढं ओढली, नोटा थुंकी लावून मोजल्या, १८० दिले. पिशवीत चिल्लर वाजत होती, मी ऐकली. मग त्यांनी मेडिकलच्या बिलाची चिठ्ठी उलटी केली, कानावरची पेन्सिल काढली, पाठीवर ७ लिहिलं, भोवती गोल काढला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"उतरताना घ्या."

दोन दिवस राहिलो. छबिना पाहिला, पुरणपोळ्या खाल्ल्या, रात्री एका टोल्यावर झोपलो. निघताना काकींनी पिशवीत शेंगा घातल्या, घट्टे पडलेला हात पाठीवरून फिरवला, आणि समोरून खरी एसटी येताना दिसली. मी पळालो. आप्पा दारात उभे राहून लांबच्या डोंगराकडं फार लक्ष देऊन बघत होते.

गाडी पुसेगावच्या पुढं गेल्यावर कंडक्टर माझ्यापर्यंत आला. खिशात हात घातला तर पहिल्यांदा चिठ्ठीच लागली. मी नोट पुढं केली.

"सात रुपये सुटे आस्तील तर बगा," कंडक्टर म्हणाला.