समुद्र खंय पळान जातलो?

समुद्रापासून दहा मिनिटांवर राहणारा माणूस ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या चपलांना वाळू नसते. आमच्या मालवणच्या तात्यांच्या चपला मी गेली वीस वर्षं मे महिन्यात बघतोय. लाल माती असते, शेण असतं, रातांब्यांचा रस असतो. वाळूचा कण नाही. "तात्या, समुद्रावर येताय?" म्हटलं, की अडकित्त्यातून नजर वर न काढता उत्तर येतं, "समुद्र खंय पळान जातलो?"

असे तात्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात आहेत. वेंगुर्ल्याला ते अण्णा असतात, देवगडला भाऊ. वर्षाचे अकरा महिने हे गृहस्थ समुद्राकडे पाठ करून माडांना पाणी लावतात, अशी आमची समजूत. मे महिन्यात मात्र आमच्यासारखे चाकरमानी पोराटोरांसकट येऊन थडकले, की तात्या एकदम कप्तान होतात.

या कप्तानाचं होकायंत्र म्हणजे ओटीवर खिळ्याला लटकणारं कालनिर्णय. तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती, दहाला ओहोटी. अष्टमीला सहा आणि सव्वाबारा, एकादशीला सव्वाआठ आणि अडीच. वर अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढ बेताचा आणि उतारही बेताचा, पुनवेला-अवसेला उधाण. शाळेत मार खाऊन पाठ केलेली पाऊणकी तात्यांनी आयुष्यात एवढ्या एकाच कामाला लावली, पण लावली ती पुरती. एकदा माझ्या मुलाने मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढून त्यांच्या हिशेबात वीस मिनिटांची चूक दाखवली. तात्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "मोबाईलाक अजून मालवणचा पाणी लागूक नाय."

गणित झालं की मनाई सुरू. जेवून पाण्यात उतरायचं नाही. उपाशीपोटीही नाही. खडकावर जायचं नाही, शेवाळ असतं. वाळूत फार पुढे जायचं नाही, खड्डे असतात. चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर दोराला हात लावायला हरकत नाही, पण दोर ओढायचा नाही, हात सोलतात. आमची सहल म्हणजे या सगळ्यातून उरलेली जागा. ती साधारण सतरंजीएवढी असते.

परवाच्या मे महिन्यात शुद्ध पंचमी गाठून कोळंबच्या खाडीत तिसऱ्या काढायला जायचं ठरलं. आदल्या रात्री पानावर बसल्या बसल्या हुकूम सुटला. दहाला ओहोटी. नऊला खाडीत पाय. साडेआठला घर सोडायचं. "आणि जो रवलो तो रवलो!"

सकाळी सव्वाआठला आम्ही अंगणात हजर. पोरांच्या डोक्यावर टोप्या, बायकोच्या नाकावर पांढरं मलम, काकीच्या हातात घावणे आणि ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा डबा. तात्या बनियनवर खळ्यात बसून सोलं उलटी करत होते. सोलांना रसाचं पुट द्यायचं राहिलं होतं, आणि वळवाचा पाऊस आला तर वर्षभराचं आमसूल कोण देणार होतं? पुट दिलं, नऊ वाजले. तेवढ्यात आठ दिवस येतो-येतो म्हणणारा नारळ पाडणारा कोयता घेऊन दारात उभा. याला परत पाठवलं तर तो थेट गणपतीला उगवणार. पाच माड उतरेपर्यंत पावणेदहा. मग तात्यांनी आंघोळ केली, कडक इस्त्रीचा शर्ट घातला, दोन्ही दारांना कुलपं लावली, बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, आले आणि थबकले. "मांजर आत रवला."

मांजर आत नव्हतं. ते घावण्यांच्या वासाने आमच्याच पायांत घुटमळत होतं. पण कुलपं उघडून, खाटेखाली वाकून, खात्री करून तात्या बाहेर आले तेव्हा साडेदहा झाले होते. समुद्राची वेळ मिनिटावर सांगणाऱ्या या माणसाची स्वतःची वेळ कुठल्याच तिथीवरून काढता येत नाही.

खाडीवर पोचलो तर पाणी परतलेलं. तळातली वाळू दिसत होती, पण गुडघाभर पाण्याखाली. सकाळपासून वाकलेल्या बायका भरल्या टोपल्या डोक्यावर घेऊन काठाला लागत होत्या. त्यातली एक हसून म्हणाली, "तात्यानू, औंदा पण?" तात्यांनी न ऐकल्यासारखं केलं, विजारीच्या दुमडी वर केल्या आणि घोटाभर पाण्यात उभं राहून आम्हाला शास्त्र शिकवलं. "हातान नाय, पायान चाचपा. टाचेक लागली काय वाका." तासभर चाचपून तीन तिसऱ्या मिळाल्या. त्यातल्या एकीत नुसता चिखल होता. मग तात्यांनी त्याच बाईशी घासाघीस करून दोन वाटे घेतले, वर मूठभर मागून घेतल्या आणि त्या आमच्या पिशवीत आमच्या तिसऱ्यांवर अशा ओतल्या, की नंतर कुणी वेगळ्या काढू नयेत.

रात्री तिसऱ्यांचं सुकं झालं. तात्यांच्या पुण्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा ते बोटं चाटत सांगत होते, "आमी खाडीत गेलंव. बरे गावले." तात्या खोटं बोलत नाहीत. मालवणीत 'गावले' म्हणजे मिळाले. कसे, ते क्रियापद विचारत नाही.

दुसरी वारी सिंधुदुर्ग किल्ल्याची. तात्यांना पोहता येत नाही, हे त्या दिवशी जेटीवर कळलं. होडीत चढल्या चढल्या त्यांनी जीवरक्षक जाकिटाच्या नाड्यांना एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, आणि डोळे मिटून इतिहास सुरू केला. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाचा दगड कसा बसवला, पायात शिसं कसं ओतलं. होडी एका लाटेवर उचलली गेली तेव्हा शिवकाल जरा थांबला. किल्ल्यात पाय ठेवताच मात्र तात्यांचा आवाज परत आला. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन गोड्या विहिरी. पोरांना ते खरंच वाटेना. तात्यांनी एका विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं, जिभेवर घोळवलं आणि निकाल दिला, "बरा आसा. पण आमच्या बावडेची सर नाय."

परतताना मी विचारलं, "तात्या, तुम्ही किती वेळा आलात किल्ल्यावर?" पुन्हा डोळे मिटलेले. म्हणाले, "पावणे किती येळा इले, ता मोज."

आम्ही डोंबिवलीला परतलो. जूनमध्ये पाऊस लागला. किल्ल्याच्या होड्या बंद, यांत्रिक नौकांची मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, तात्यांचं कप्तानपदही बंद झालं असणार, असं धरून एका संध्याकाळी फोन लावला. काकीने उचलला.

"तात्या कुठे?"

"खंय असतले? चिवल्यार. छत्री घेवन बसले असतले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "एवढ्या पावसात? समुद्रावर?"

"ते बाराय महिने जातत. सांज झाली काय बाहेर पडतत, काळोख पडलो काय येतत. कित्याक म्हणून इचारलंय तर म्हणतत, हिशेब बरोबर येता काय ता बघूक."

वीस वर्षांच्या निरीक्षणाला असा सुरुंग लागल्यावर माणूस पुराव्याकडे धावतो. मी म्हटलं, "पण काकी, त्यांच्या चपलांना कधी वाळू नसते."

काकी हसली. "बेड्यार झटकतत ना. तेंका वाटता, माका कळना नाय."