सर्व्हर चालू आहे का, ते मामांना विचारा

विभागात तुमचं स्वागत. तासिका तत्त्वावर आला असाल तर या सत्रापुरतं, कायम असाल तर पहिली प्रिंट निघेपर्यंत. ही मार्गदर्शिका खरं तर सामायिक ड्राइव्हवर 'नवीन शिक्षकांसाठी' या फोल्डरात ठेवलेली आहे. पण तो ड्राइव्ह कसा उघडायचा हे तिच्यातच लिहिलेलं असल्यामुळे ती हातोहात द्यावी लागते. जास्तीची प्रत मागू नका. कारण पुढे कळेल.

धाराशिव जिल्ह्यात विभाग बरेच आहेत. विद्यापीठाचा उपपरिसर इथे २००४ पासून आहे, तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्था १९८६ पासून आहे, शिवाय कला, कृषी, अभियांत्रिकी अशी महाविद्यालयं. आमचा विभाग यातला कुठला किंवा यात आहे की नाही, ते विचारू नका. आजवर ज्याने ही मार्गदर्शिका वाचली त्याला ती आपल्याच विभागाची वाटली.

पायरी पहिली: सर्व्हर ओळखा

सर्व्हर म्हटल्यावर काचेच्या गार खोलीत निळे दिवे लुकलुकणारं कपाट तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल. आपला सर्व्हर म्हणजे कार्यालयात बाबूंच्या टेबलाखालचा संगणक. त्यावर 'सर्व्हर, हात लावू नये' अशी चिठ्ठी आहे. पाय लावू नये असं कुठे लिहिलेलं नसल्यामुळे बाबू पाय ठेवतात, आणि दुपारच्या डुलकीत अंगठा नेमक्या बटणावर पडला की साऱ्या विभागाचा सामायिक ड्राइव्ह, म्हणजे झेड ड्राइव्ह, जातो. प्रिंटरही याच संगणकाला यूएसबीच्या वायरीने जोडलेला आहे. हा बंद, तर फायली बंद आणि छपाईही बंद.

सकाळी तो चालू करण्याचं काम कागदोपत्री प्रणाली प्रशासकाचं. ते पद मंजूर होईपर्यंत शिपाईमामांचं. म्हणून जुनी मंडळी आल्या आल्या नेटवर्क तपासत बसत नाहीत, ती फक्त "मामा आले का?" एवढं विचारतात. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. मामा तिथे प्रथेप्रमाणे चुन्याचे खडे वेचायला जातात आणि कार्यालयाची किल्ली त्यांच्या करदोट्याला असते. त्या दोन दिवसांत कुठलाही अहवाल पाठवण्याचं कबूल करू नये.

पायरी दुसरी: पत्ता टाका

विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात दोन उलट्या तिरप्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, पुन्हा एक उलटी रेघ, मग फोल्डरचं नाव. उलटी म्हणजे डावीकडे झुकलेली. सुलट्या रेघा इंटरनेटच्या पत्त्यात असतात. त्या इथे टाकू नका.

रेघांऐवजी दोन अर्धचंद्र उमटले तर घाबरू नका. कळफलक मराठीवर राहिलाय. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळीवर 'ऑफिस'मधला चंद्र आहे. पासवर्डाच्या चौकटीत मात्र नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे तिथला चंद्र कुणालाच दिसत नाही, आणि पासवर्ड बदलला कुणी, यावर विभागात दोन गट पडतात. पासवर्ड या मार्गदर्शिकेत देणं सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही. तो बाबूंच्या मॉनिटरवर चिकटवलेला आहे.

आता नावाची गोष्ट सांगायलाच हवी. २०२३च्या सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. पत्रं आली, शिक्के बदलले, फाटकावरची पाटी रंगली. विभागातल्या एका उत्साही सहकाऱ्याने सर्व्हरचं 'उस्मानाबाद' हे नावही त्याच दुपारी बदलून टाकलं. दुसऱ्या दिवशी सोळा टेबलांवरच्या सोळा शॉर्टकटांवर लाल फुल्या. पोस्टमन जुन्या नावावरचं पत्रही आणून देतो, त्याला गाव माहीत असतं. संगणकाला गाव माहीत नसतं, त्याला फक्त पाटी वाचता येते. नाव परत जुनं करावं, असं सुचवायची कुणाची छाती होईना, कारण ते इतिवृत्तात कोणत्या शब्दांत जाईल याचा नेम नाही. शेवटी सोळाही शॉर्टकट हाताने नव्याने केले. त्याला अडीच दिवस लागले.

यावर उपाय म्हणजे नावाऐवजी आकडी पत्ता टाकणं. हे समजायला रस्त्यावर बघा: जिल्ह्याचं नाव बदललं, तरी गाड्यांवरचं एमएच २५ तेच राहिलं. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे सर्व्हरचा एमएच २५. फरक एवढाच, की तो सर्व्हरवर पक्का लिहून ठेवला नसेल तर राऊटर मुदतीने वाटतो आणि लाईट जाऊन आली की भलत्याच यंत्राला देऊ शकतो. उद्या आरटीओने रोज सकाळी नंबरप्लेटा नव्याने वाटल्या तर जी तारांबळ उडेल, ती आमच्याकडे मंगळवारी उडते. मंगळवारीच का, हे अद्याप कळलेलं नाही. तुमच्या संगणकाचा आकडा १६९.२५४ने सुरू होत असेल, तर त्याला राऊटरकडून काहीच मिळालेलं नाही आणि त्याने स्वतःच्या मनाने एक नंबर लावून घेतलाय. अशा वेळी मामा भिंतीतली वायर दाबून बघतात आणि म्हणतात, "ढिली व्हायलीय सर ही." दहापैकी सात वेळा मामांचं बरोबर असतं.

नवा कोरा लॅपटॉप आणला असेल तर आणखी एक अडचण. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो फायली सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून. त्यानंतर विंडोजने ती पद्धत मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. बिनपासवर्डाचा पाहुणा म्हणून आत शिरणंही नव्या यंत्रांना वर्ज्य झालं. आपला सर्व्हर त्याच्या आधीचा. त्यामुळे विभागातलं सर्वांत महागाचं यंत्र विभागातलीच फाइल उघडू शकत नाही, आणि कोपऱ्यातलं, की-बोर्डचा 'ई' उडालेलं यंत्र बिनबोभाट उघडतं. ज्येष्ठतेचा नियम इथे तरी पाळला जातो.

पायरी तिसरी: आत गेल्यावर

काहीही हलवू नका. मूल्यांकनाच्या 'नॅक' या फोल्डरात 'नॅक अंतिम' आहे, त्यात 'अंतिम खरं', त्यात 'सरांनी पाहिलेलं', त्यात 'सरांनी पुन्हा पाहिलेलं', आणि सगळ्यांत आत 'जुनं, उघडू नये'. चालू अहवाल तिथे आहे. याच्यापुढे आणखी फोल्डर करायला गेलात तर विंडोज अडवेल. पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या आत बसावा लागतो. आमच्याकडे नावं पदव्यांसकट लिहितात, त्यामुळे ही मर्यादा लवकर येते.

एक्सेलची फाइल उघडली आणि ती दुसऱ्या कुणाकडे उघडी असल्याचं कळलं, तर त्या व्यक्तीचा शोध घ्या. त्या बहुधा मॅडमच असतील आणि तुळजापूरला दर्शनाला गेलेल्या असतील. तुळजापूर वीस-बावीस किलोमीटरवर आहे, पण मंगळवारी-शुक्रवारी रांग किती, ते देवीच्या हाती. मॅडमच्या टेबलावर जाऊन परस्पर फाइल बंद करू नये. हे एकदा एका सहकाऱ्याने केलंय, आणि अजून त्या दोघांचा चहा वेगवेगळा येतो.

मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा दिसला, तर तो व्हायरस नव्हे. ती युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेली आहे. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असत. फॉन्ट आहे तिथे 'मा. कुलगुरू महोदय', नाही तिथे कंसांचं गवत. हा फॉन्ट फक्त बाबूंच्या संगणकावर आहे. बाबूंनी तो दहा वर्षांपूर्वी सीडीवरून घातला, आणि सीडी कुणाला दिली हे त्यांना आठवत नाही, असं ते म्हणतात. दोन वर्षांनी ते निवृत्त होतायत. निरोप समारंभाची वर्गणी विभागाने आतापासूनच जमवायला घेतली आहे, इतकं त्यांना जपलं जातं.

पायरी चौथी: प्रिंटर

सूचना पहिली आणि शेवटची: प्रिंट एकदाच द्या. कागद आला नाही म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो, मग आणखी पाचदा, मग शेजारच्या संगणकावरून. हे सगळे हुकूम सर्व्हरवर स्पूलर नावाच्या ओसरीत रांगेने बसून राहतात. सगळ्यात पुढची प्रिंट अडलेली असते आणि ती कुणाच्या तरी पीएच.डी.ची, १८० पानांची असते. ती हटवली की 'हटवत आहे' असं लिहून येतं आणि ती हटत नाही. तेव्हा स्पूलर बंद करायचा, त्याच्या फोल्डरातलं सगळं झाडून काढायचं आणि तो पुन्हा चालू करायचा. अर्थात हे बाबूंच्या संगणकावर, बाबू जेवायला गेल्यावर.

प्रिंटची वाट पाहून कंटाळलात आणि जवळच्या तेरला गेलात तर संग्रहालय बघा. गोरोबाकाकांचं हे गाव जुन्या काळी तगर नावाची मोठी पेठ होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तिचा उल्लेख आहे: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून माल महिन्याभरात बंदराला लागे. माझी प्रश्नपत्रिका मागच्या खोलीतून कार्यालयात पोचायला लागलेला वेळ मी मुद्दाम मोजलेला नाही.

छापताना 'लेटर' कागद घाला, असं यंत्र सांगू लागलं तर ते कुणाला लिहिलेलं पत्र मागत नसतं. लेटर हा अमेरिकी आकार, आपल्या ए-फोरपेक्षा किंचित रुंद आणि आखूड. फाइलीची मांडणी लेटरची राहिली की यंत्र नसलेल्या कागदाची वाट पाहत उभं राहतं. आमच्याकडे याच कारणाने एकदा मेकॅनिकला सोलापूरहून बोलावलं होतं. त्याने आकार बदलला, चहा घेतला आणि व्हिजिटचे पैसे घेतले.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. शाई कागदावर पक्की करायला तो आतला रूळ तापवतो, त्या क्षणाला एवढी वीज ओढतो की छोटा यूपीएस किंचाळून मान टाकतो, आणि त्याच यूपीएसवर सर्व्हर असतो.

प्रिंट फिकी आली तर कार्ट्रिज काढून आडवं हलवा. तीनदा हलवून झाल्यावर रिफिल. रिफिलचा प्रस्ताव विहित नमुन्यात, छापील, दोन प्रतींत द्यायचा असतो.

पायरी पाचवी

फाटकाबाहेर, रसवंतीच्या शेजारी, झेरॉक्सचं दुकान आहे. फाइल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नंबर सगळ्यांकडे आहे. पान दोन रुपये. परवा मी तिथे उभा होतो. त्याच्या डेस्कटॉपवर आमच्या विभागाच्या नावाचं फोल्डर दिसलं. आत वर्षवार, शिक्षकवार सगळं लावलेलं: वेळापत्रकं, नॅक, विभागप्रमुखांची रजा, मॅडमची एक्सेल. बाबूंचा तो फॉन्टसुद्धा. माझी फाइल उघडून त्याने मान वर न करता विचारलं, "सर, ही कालच्यावर टाकू का येगळी ठेवू? कालची तुमच्या मोठ्या सरांनी दुरुस्त केलेली हाय."