अर्धा तोळा जास्त

दांडिया बाजार, रावपुरा या बाजूच्या जुन्या मराठी घरांतली एकादशी पाहावी. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस. आणि मधल्या वेळात कोणाला घेरी येऊ नये म्हणून कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडचा फराळी चेवडा. मराठी उपास आणि गुजराती फराळ यांची वडोदऱ्यातली सोयरीक फार जुनी, त्यामुळे आग्रह दोन्ही बाजूंनी होतो. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर, आणि तूप हिशेबात धरायचं तर धाडस हवं. एरवी जाडीचे सगळे आरोप सोसणारी पोळी त्या दिवशी मात्र निर्दोष म्हणून घरी बसलेली असते. गंमत अशी की साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कुठल्या पुराणात त्यांचं नाव नाही, तरी आपण त्यांना सोवळ्यात घेतलं आणि घरच्या गव्हाला एकादशीपुरतं उंबऱ्याबाहेर ठेवलं.

आता उपास फोनात आला आहे. सोळा तास काही खायचं नाही, उरलेल्या आठ तासांत काय ते आटपायचं, आणि खाल्लेला प्रत्येक घास लिहायचा. फोन विचारतो, ‘एक वाटी?’ आता कुठली वाटी ते त्याला कसं सांगावं? आमटीची, शिकरणीची, की रुखवतात आलेली ती खोलगट, जिच्यात वाढलेलं कधी संपतच नाही? त्यातून नवरात्र आलं की सगळाच हिशेब बिघडतो. दिवसभर फराळी, रात्री गरबा. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू एकमेकींभोवती गोल फिरू लागतात.

शेजारच्या जैन मासींना मात्र कॅलरी ठाऊक नाहीत. त्यांनी वर्षीतप केलं तेव्हा एक दिवस निराहार, दुसऱ्या दिवशी बियासणं, म्हणजे दोनदाच बसून जेवायचं, असं वर्षाहून अधिक काळ चाललं. शेवटी अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं पारणं. पर्युषणात त्या अठ्ठाई करतात, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, तेही सूर्यास्तापर्यंतच. नवव्या दिवशी मी पेढे घेऊन गेले तर त्या मुगाचं पाणी चमच्या-चमच्यानं घेत होत्या, अंगणात आलेल्या चिमणीला बिचकवू नये इतक्या हलक्या हातानं. लांबलेल्या उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातले क्षार कोसळतात, म्हणून डॉक्टरही हेच सांगतात. मासी एवढंच म्हणाल्या, “धीमे धीमे, बेटा.” पेढे मीच संपवले.

मोजण्याची गोष्ट निघाली की मला विनोबांचं घर आठवतं. त्यांची शाळा-कॉलेजची वर्षं वडोदऱ्यातच गेली. 1916 साली ते इथूनच घर सोडून निघाले. त्यांच्या आईनं देवाला तांदळाची लाखोली वाहायचं ठरवलं होतं आणि रोज ती एकेक दाणा मोजत बसे. वडील शास्त्राच्या वळणाचे. त्यांनी तोड काढली: तोळाभर तांदळातले दाणे मोज, लाखाला किती तोळे लागतील ते काढ, आणि कमी पडू नयेत म्हणून वर अर्धा तोळा घाल. आईला ते पटेना, पण उत्तरही सुचेना. संध्याकाळी तिनं मुलाला विचारलं. तो म्हणाला, लाखोली म्हणजे गणित थोडंच आहे, दाण्यागणिक देवाची आठवण व्हायला हवी.

मुलाचं म्हणणं थोर आहे, पण माझा जीव त्या अर्ध्या तोळ्यात अडकतो. एकादशीच्या आदल्या रात्री मी साबुदाणा काट्यावर बरोबर साठ ग्रॅम मोजते, आकडा फोनात भरते, आणि मग कमी पडू नये म्हणून वर एक मूठ टाकते. मूठ फोनात भरत नाही.